नूडल सुपाची रंगीत तालीम

चित्राची पर्मनंट नोकरी माझ्या जेवण्यावर अवलंबून आहे, हे मला एका बुधवारी संध्याकाळी भांडी घासताना कळलं.

"रविवारी दुपारी साडेबाराला ल्युझने जेवायला बोलावलंय. दोघांना," चित्रा म्हणाली.

"कुठे?"

"तिच्या नेहमीच्या हॉटेलात. फिलिपिनो-चायनीज आहे. नूडल सूप आणि वाफवलेले बन."

"अरे वा!"

"अरे वा नाही. नळ बंद कर आणि नीट ऐक."

मी नळ बंद केला. आमच्या घरात नळ बंद करायला सांगितला जातो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

ल्युझ म्हणजे ल्युझविमिंडा. चित्रा ज्या लॅबमध्ये सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर काम करत होती, तिथली सुपरवायझर. ही दोन हजार नऊच्या नोव्हेंबरातली गोष्ट. नागपूरला चित्राने अकरा वर्षं एक पॅथॉलॉजी लॅब चालवली होती. चार मुली हाताखाली होत्या आणि त्या तिला घाबरत असत. व्हँकुव्हरला आल्यावर मात्र तिच्याकडे 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' नव्हता. रक्त कॅनडातल्या माणसाचं असलं की ते तपासायची पद्धत बदलते, असा इथे एक समज आहे. त्यात तिच्या कॉलेजातून मार्कशीट चारदा मागवावी लागली. पहिल्यांदा पाकीट फुटून आलं. दुसऱ्यांदा पाकीट धड होतं, पण झाकणावरची सही आडवी हवी होती ती उभी होती. तिसऱ्यांदा सही आडवी होती, शिक्का होता, लाखेचं सील होतं, आणि आत कुणा चित्तरंजनची मार्कशीट होती. चित्तरंजनला सत्तेचाळीस टक्के होते. चौथं पाकीट येईपर्यंत चित्राने दीड वर्ष डोनटच्या दुकानात काढलं. तिथून घरी आली की तिच्या केसांना साखरेचा वास यायचा आणि ती कुणाशी फारसं बोलायची नाही. मला ते दीड वर्ष आठवलं की अजून बरं वाटत नाही.

आता कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं. लॅबमध्ये पर्मनंट जागा एक होती, वाट बघणारी माणसं तीन होती, आणि नाव ल्युझ सुचवणार होती.

"दोन वर्षांपूर्वी तिने एका मुलीला त्याच हॉटेलात जेवायला नेलं," चित्रा म्हणाली. "तिने वाडगा चाटूनपुसून संपवला. ती पर्मनंट झाली. मागच्या वर्षी दुसरीला नेलं. तिने अर्धा वाडगा टाकला. ती आता लॅबमध्ये नाही."

"योगायोग असेल."

"चारू, मी अकरा वर्षं लॅब चालवलीये. दोन सॅम्पलचा रिझल्ट असा आला की मी त्याला योगायोग म्हणत नाही."

मग तिने माझे दोष सांगितले. यादी बहुधा बसमध्येच तयार झाली असावी. एक, पदार्थ समोर आला की मी 'यात काय आहे?' असं विचारतो. दोन, कशावरही लिंबू मागतो. तीन, पहिल्यांदा 'नको' म्हणतो आणि घरी येऊन पोहे करायला लावतो. चार, 'आमच्याकडे हे असं नाही करत, असं करतात' हे यजमानाला समजावून सांगतो. यातला चौथा हा दोष नसून सांस्कृतिक देवाणघेवाण आहे, असं माझं मत आहे. पण चित्राचा आवाज बघता ती देवाणघेवाण मी त्या वेळी केली नाही.

"ती फार स्ट्रिक्ट आहे रे," चित्रा शेवटी म्हणाली. "आमच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेससारखी. तू फक्त जे देतील ते खा. प्लीज."

हे 'प्लीज' तिने इतक्या हळू म्हटलं, की मी ही गोष्ट मनावर घ्यायचं ठरवलं. आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं, हे चित्राला ठाऊक असूनही ती झोपायला गेली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोक जे बनवतात ते गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी मोडून बघायचं, यावर माझं घर चालतं. कुठलीही गोष्ट आधी तपासल्याशिवाय 'लाइव्ह' करायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तेव्हा इतकं महत्त्वाचं जेवण मी थेट रविवारी कसं जेवणार?

गुरुवारी मी शेजारच्या मिलिंदचा सल्ला घेतला. मिलिंद एकदा प्रोजेक्टसाठी तीन महिने टोकियोत राहून आलाय, त्यामुळे भारताच्या पूर्वेला असलेल्या सगळ्या देशांचा तो जाणकार आहे.

"चॉपस्टिक्स," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. चमचा मागितलास की तू संपलास. आणि सूप पिताना आवाज आला पाहिजे. मोठा. नाहीतर कुकला इन्सल्ट वाटतो."

त्याने त्याच्या दिवाणखान्यात आवाज करून दाखवला. आतून त्याची बायको शुभदा काय तुंबलं म्हणून बघायला आली.

मी तीन दिवस मॅगीवर सराव केला. पहिल्या दिवशी पेन्सिलींनी, नंतर खऱ्या चॉपस्टिक्सनी. पहिल्या दिवशी एक शेवई तोंडापर्यंत पोचली. बाकीच्या शर्टावर राहिल्या. आमची नऊ वर्षांची ऊर्मी गालाला हात लावून बघत बसली होती.

"बाबा, यू आर होल्डिंग इट लाइक अ स्क्रूड्रायव्हर."

"मराठीत सांग."

"नो, इट्स सॅडर इन मराठी."

शुक्रवारी सुनंदाताई भेटल्या. सुनंदाताई म्हणजे डॉक्टर. एकाहत्तर साली आल्या, चौतीस वर्षं इथल्या लोकांना ऑपरेशनआधी भूल दिली आणि आता रिटायर होऊन आम्हा नव्या मंडळींना शुद्धीवर आणत असतात. त्यांनी मिलिंदचा सल्ला ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"अरे, जेवताना आवाज काय करतोस? तुला एकच गोष्ट सांगते, लिहून ठेव. या देशात पहिल्यांदा विचारलं की 'हो' म्हणायचं. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. इथली माणसं जे बोलतात तेच त्यांच्या मनात असतं. मी पहिल्या हिवाळ्यात 'नको, नको' म्हणून नऊ किलो उतरले होते."

हे मला पटलं, कारण मीही त्यातून गेलो होतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पहिल्या महिन्यात मला घरी बोलावून केक पुढे केला होता. मी रीतीप्रमाणे 'नो, नो' म्हणालो. त्याने 'ओके' म्हणून डबा बंद केला, फ्रीजमध्ये ठेवला आणि मला त्याच्या बोटीचे फोटो दाखवले. त्या दिवसापासून मी पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणायला शिकलो होतो. सुनंदाताईंनी त्या सवयीवर फक्त शिक्कामोर्तब केलं.

शनिवारी सकाळी मी चित्राला सांगितलं, "विंटर टायर लावायला जातो. तीन तास लागतील."

व्हँकुव्हरला विंटर टायर लागतात की नाही यावर दोन मतं आहेत आणि ती दोन्ही आमच्याच घरात आहेत. त्यामुळे तिने फक्त एक उसासा टाकला. हे खोटं नव्हतं, हे मला इथे नमूद करायचं आहे. मी गाडी खरोखरच गराजमध्ये नेली. गराज त्या हॉटेलच्या समोरच होतं, एवढंच मी सांगितलं नाही.

हॉटेल लहान होतं. दहा-बारा टेबलं, काचेवर वाफ, काउंटरमागे बांबूच्या करंड्यांची उतरंड. भिंतीवर दोनच पदार्थ मोठ्या अक्षरांत होते. सुपाला ते लोक मामी म्हणतात आणि वाफवलेल्या बनला सिओपाव. मामीवर करता येण्यासारखे सगळे विनोद मिलिंदने आधीच केलेले असल्यामुळे मी ते करत नाही. आत शिरल्यावर पहिला धक्का बसला तो असा, की सगळं हॉटेल काटा-चमच्याने जेवत होतं. आवाज कोणाचाही येत नव्हता. खिशातल्या चॉपस्टिक्स मी कोटाच्या आणखी आत ढकलल्या.

एकही टेबल रिकामं नव्हतं. मी आपला भिंतीच्या कडेने जागा शोधत चाललो होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच बसलेली एक म्हातारी बाई माझ्याकडे बघून तोंडभर हसली. ऐंशीच्या घरातली, पांढरे केस, अंगात जांभळा स्वेटर. समोर मामीचा वाफाळता वाडगा आणि एका ताटलीत चार सिओपाव. तिने चमचा उंचावला आणि म्हणाली, "काइन तायो! कम, सर, लेट्स ईट!"

पहिल्यांदा विचारलं की हो म्हणायचं. मी "थँक यू व्हेरी मच" म्हणालो, खुर्ची ओढली आणि बसलो.

बाईंचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना जरा वेळ लागतो. मग त्यांनी सावकाश ताटली माझ्याकडे सरकवली.

सिओपाव हा पदार्थ तळहाताएवढा, पांढराशुभ्र आणि ऊबदार असतो. वर चुण्या, आत लालसर गोडसर मांस. कसलं ते मी विचारलं नाही, कारण दोष क्रमांक एक. आजतागायत विचारलेलं नाही. चव उत्तम होती. तळाचा भाग जरा चिवट लागला, पण मी चावून चावून गिळला. बाई डोळे विस्फारून बघत होत्या.

"गुड?" त्यांनी विचारलं.

"व्हेरी गुड."

त्यांनी दुसरा उचलला, उलटा केला, तळाला चिकटलेला चौकोनी कागद नखाने अलगद सोलून काढला आणि मग तो माझ्या हातात दिला. पहिल्या सिओपावचा कागद कुठे गेला, याचा विचार मी त्या क्षणी थांबवला. काही हिशेब पोटातच राहिलेले बरे.

त्यांनी काउंटरवरून एक छोटा वाडगा मागवून स्वतःची मामी मला वाटून दिली. मी ती निमूटपणे, आवाज न करता, लिंबू न मागता संपवली. गप्पा सुरू झाल्या. त्यांनी नाव सांगितलं, पासिता. मी सांगितलं, चारुदत्त. त्या 'चार्ली' म्हणाल्या. आणि चांगलं जेवण पोटात गेलं की माझी जीभ सैल सुटते, हा यादीत नसलेला पाचवा दोष. मी त्यांना सांगून टाकलं, की उद्या बायकोच्या बॉसबरोबर असं सूप प्यायचं आहे, म्हणून आज प्रॅक्टिसला आलोय.

"प्रॅक्टिस? फॉर सूप?"

"येस. माय वाइफ्स बॉस इज व्हेरी स्ट्रिक्ट. लाइक हेडमिस्ट्रेस."

पासिताबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी मला तिसरा सिओपाव दिला. मी पहिल्याच विचारण्याला हो म्हणालो.

तो तिसरा अर्धा झाला होता तेव्हा दारातून एक गृहस्थ आत आले. पासिताबाईंनी चमचा उंचावला. "काइन तायो! लेट्स ईट!" गृहस्थ हसले, हात हलवून "सिगे, सिगे, थँक यू" म्हणाले आणि पुढे गेले. मग एक नर्सच्या कपड्यातली मुलगी आली. परत चमचा, परत आमंत्रण, परत हसून "सिगे, सिगे". मग शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी दारातल्या कुणाला तेच म्हटलं, आणि त्यानेही तेच उत्तर दिलं. बसत कोणीच नव्हतं.

माझा घास तोंडातच राहिला.

कारण हे मला माहीत होतं. मी कराडचा. आमच्या आळीत दार उघडं टाकून जेवायला बसायची पद्धत होती, आणि दारावरून कोणीही गेलं की आतून वडील म्हणायचे, "या जेवायला!" जाणाऱ्याने म्हणायचं, "होऊ द्या, होऊ द्या!" आणि चालत राहायचं. बोलावणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, पण पातेल्यात भात नसतो. हे दोघांनाही माहीत असतं. माझ्या आयुष्यात त्या हाकेवर खरोखर आत येऊन बसलेला माणूस मी एकच पाहिला, एक पोस्टमन. त्याची बदली होईपर्यंत आख्खी आळी दार लावून जेवत होती.

आणि मी बसलो होतो! नुसता बसलो नव्हतो, त्या माउलीचं ताट साफ केलं होतं. अर्धं आयुष्य ज्या रीतीत वाढलो ती मी कॅनडात आल्यावर कष्टाने विसरलो, आणि जिथे तिची गरज होती नेमका तिथेच विसरलेला निघालो. तेवढ्यात काउंटरवरची बाई एक पांढरा डबा घेऊन आली. पासिताबाईंनी ताटलीत उरलेला एकुलता एक सिओपाव त्यात ठेवला. डबा चार सिओपावचा होता. म्हणजे ते घरच्यांसाठी होते.

मी ताडकन उठून काउंटरकडे गेलो आणि आणखी सहा मागितले. "नेक्स्ट स्टीमर फॉर्टी मिनिट्स," बाई म्हणाली. गराजवाल्याचा फोन येत होता. मी सगळ्याचं बिल भरलं, पासिताबाईंना चारदा सॉरी म्हणालो, त्या चारदा "व्हाय सॉरी, चार्ली?" म्हणाल्या, आणि मी कान पाडून बाहेर पडलो. दारात एकाने माझ्याकडे बघून दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ते माझ्याबद्दलच असणार, कारण दुसऱ्याने माझ्या पोटाकडे पाहिलं.

घरी आल्यावर चित्राने विचारलं, "जेवायला वाढू?"

"नको," मी म्हणालो. ती परत विचारेल म्हणून थांबलो नाही.

रविवारी ऊर्मीला सुनंदाताईंकडे सोडून आम्ही निघालो. चित्राने तिचा निळा कोट दोनदा बदलून तिसऱ्यांदा तोच घातला होता. सकाळपासून तिने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. गाडीत तिने एकदाच तोंड उघडलं. "लक्षात आहे ना?"

"सगळं," मी म्हणालो. पासिताबाई दर शनिवारी येत असाव्यात आणि आज रविवार होता, या एका आधारावर मी शांत होतो.

आम्ही आत गेलो. ल्युझ उठून उभी राहिली. पन्नाशीची, चष्मा लावलेली, टापटीप बाई. हेडमिस्ट्रेस हे वर्णन मला रास्त वाटलं. तिच्या पलीकडे जांभळा स्वेटर होता.

"धिस इज माय मदर," ल्युझ म्हणाली.

पासिताबाईंनी मला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "चार्ली! ल्युझ, दॅट्स हिम! दॅट्स द मॅन!"

ल्युझचा चेहरा एकदम पडला. "मॉम, प्लीज," ती हळूच म्हणाली. मग आमच्याकडे वळून, दमलेल्या आवाजात, इंग्रजीत सांगू लागली. ती जे म्हणाली ते असं : गेली एकोणीस वर्षं आई दर शनिवारी घरच्यांसाठी इथून चार सिओपाव आणते. काल एकच घेऊन आली. बाकीचे कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाली, एक इंडियन माणूस आला, मी 'काइन तायो' म्हटलं आणि तो खरोखरच बसला. "कोण बसतं असं? कोणी म्हणजे कोणी बसत नाही. मग म्हणाली, त्याने कागदासकट सिओपाव खाल्ला. मग म्हणाली, तो सूप पिण्याची प्रॅक्टिस करायला आला होता." ल्युझने चष्मा काढला. "मागच्या महिन्यात ती गॅस चालू ठेवून बाहेर गेली होती. माझ्या मुलीचं नाव एकदा विसरली. आम्ही मनाची समजूत घालत होतो, पण कालपासून... उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतेय. आय अ‍ॅम सो सॉरी. प्लीज सिट."

"ओ नो, डोन्ट वरी," माझी बायको कळवळून म्हणाली. आणि मदत करावी म्हणून, अत्यंत मायेने, ती पासिताबाईंकडे वाकली. "आंटी, काल हा इथे नव्हता. ही वॉज अ‍ॅट द गराज. विंटर टायर्स. तीन तास."

ल्युझने मान हलवली. पासिताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

मी गप्प राहिलो असतो तर सगळं निभावलं असतं. चित्राची नोकरी, माझी अब्रू, टायर, सगळं. ल्युझसमोर कोण बसलं असतं? बायकोच्या मागे येऊन गुपचूप जेवून जाणारा एक सभ्य नवरा. आणि बोललो असतो तर? परक्या म्हातारीच्या ताटात जेवलेला, कागद खाणारा, बायकोशी लपवाछपवी करणारा आणि ल्युझला हेडमिस्ट्रेस म्हणणारा एक इसम. चित्राने मला फक्त जे देतील ते खायला सांगितलं होतं. तिने दीड वर्ष डोनट विकले होते.

"मेबी अनदर मॅन," पासिताबाई म्हणाल्या. अगदी लहान आवाजात. मांडीवरचा रुमाल त्यांनी उलगडला आणि परत घडी घातला. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास माझ्यासमोर उडत चालला होता आणि तो मी उडवत होतो.

"नाही," मी म्हणालो. मराठीतच निघालं तोंडून. मग इंग्रजीत म्हणालो, "नो. इट वॉज मी."

तिघी माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही बसलात?" ल्युझने विचारलं.

"बसलो."

"तीन सिओपाव?"

"तीन."

"आणि पेपर?"

"फक्त पहिल्याचा. दुसऱ्या वेळी यांनी काढून दिला."

"आणि सूपची... प्रॅक्टिस?"

"तीन दिवस. आधी घरी, मॅगीवर." पुरावा हवा म्हणून मी कोटाच्या खिशातून चॉपस्टिक्स काढून टेबलावर ठेवल्या. चित्रा त्या ओळखीच्या वाटतायत अशा नजरेने बघत राहिली.

ल्युझने एक चॉपस्टिक उचलून बघितली. मग म्हणाली, "मॉम म्हणाली, तुम्हाला कुणा स्ट्रिक्ट बॉसची भीती वाटत होती. लाइक अ हेडमिस्ट्रेस."

टेबलाखाली चित्राचा बूट माझ्या बुटावर आला आणि तिथेच राहिला.

"ते पण," मी म्हणालो.

ल्युझ हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिने डोळे टेबलावरच्या पेपर नॅपकिनने पुसले. हसू संपलं तरी ती डोळे पुसतच होती. तिने आईचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. पासिताबाई मोठ्या ऐटीत उत्तरल्या. आम्हाला भाषा येत नव्हती, पण 'मी तुला कालच सांगत होते' हे वाक्य कुठल्याही भाषेत कळतं. मग त्या मला म्हणाल्या, "ट्वेंटी इयर्स, चार्ली, आय कॉल एव्हरीबडी. ओन्ली यू सिट," आणि माझा हात थोपटला.

"पण प्रॅक्टिस कशाला?" ल्युझने अजून नाक पुसत विचारलं.

मी चित्राकडे पाहिलं. चित्रा ताठ बसली होती, चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "माझ्यामुळे. पर्मनंट पोझिशनसाठी. मला वाटलं, आज तुम्ही आम्हाला... बघणार."

"ते? ते मी शुक्रवारीच साइन करून पाठवलं," ल्युझ म्हणाली. "युवर नेम. एचआर स्लो आहे, लेटर बुधवारपर्यंत येईल. तू सहा महिन्यांत एकदाही स्लाइडवर चुकीचं लेबल लावलं नाहीस, मी अजून काय बघणार? आज तर नुसतं लंच आहे. मी सगळ्यांनाच इथे आणते, चर्चहून जवळ पडतं."

"आणि ती... अर्धा वाडगा टाकलेली मुलगी?"

"कोण? ती लग्न करून विनिपेगला गेली."

 चित्राने फक्त माझ्या बुटावरचा बूट काढला. जिथे नुसतं म्हणायचं म्हणून बोलावलं होतं तिथे मी पोटभर जेवून आलो होतो, आणि जिथे खरोखर जेवायला बोलावलं होतं तिथे आम्ही दोघं परीक्षेला बसलो होतो. हे मी तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात वाफाळते वाडगे आले आणि सिओपावची ताटली आली. पासिताबाईंनी पहिल्याचा कागद स्वतः सोलून तो माझ्यासमोर ठेवला.

"टायरचं घरी गेल्यावर बघते," चित्रा मराठीत म्हणाली. मग तिने वाडगा पुढे ओढला, चमचा घेतला आणि जेवायला लागली. मान वर न करता, नूडल्स, अंडं, कोंबडीचे तुकडे, सगळं. बुधवारपासून ती पोटभर जेवलीच नव्हती, आणि तीन दिवस त्याच घरात मॅगी शिजवणाऱ्या माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. वाडगा रिकामा झाल्यावर तिने तो दोन्ही हातांनी उचलून तळाचा रस्सा पिऊन टाकला, चांगला भुर्रकन आवाज करून, आणि ल्युझकडे बघून म्हणाली, "कॅन आय हॅव वन मोअर?"